रिठ्याचं पाणी आणि डलॉनेगाचं नाणं

अमेरिकेतलं एकोणिसाव्या शतकातलं सोन्याचं नाणं घ्यायचं मनात आलं, त्या दिवसापासून मनासारखं नाणं घरी येईपर्यंत मला बावीस महिने लागले. मधल्या काळात एक खरेदी चुकली आणि सहाशेवर डॉलर गेले. त्या महिन्यांत कुणीतरी मराठीतून, आपल्या घरातल्या सोन्याशी ताडून हे सगळं समजावून सांगायला हवं होतं, असं फार वाटायचं. म्हणून तारखा आणि आकड्यांसकट लिहून ठेवते आहे.

आम्ही अटलांटाच्या उत्तरेला राहतो. घरापासून ४०० क्रमांकाचा रस्ता धरून उत्तरेला पाऊण तास गेलं की डलॉनेगा लागतं. डोंगरातलं छोटंसं गाव आहे. ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी तिथे ‘गोल्ड रश डेज’ नावाची जत्रा भरते. २०२१ साली लेकीच्या हट्टामुळे आम्ही गेलो. गर्दीला कंटाळून चौकातल्या जुन्या कचेरीत शिरलो. १८३६ साली बांधलेल्या या विटांच्या इमारतीत आता सोन्याचं संग्रहालय आहे. तिथे काचेमागे या गावात पाडलेल्या नाण्यांचा पूर्ण संच मांडलेला आहे.

या गावात टाकसाळ होती हे मला तोवर माहीतच नव्हतं. १८२८-२९ च्या सुमारास इथल्या डोंगरांत सोनं सापडलं. खाणवाल्यांना ते फिलाडेल्फियाच्या टाकसाळीपर्यंत नेणं जिकिरीचं आणि धोक्याचं होतं. म्हणून १८३५ च्या कायद्याने तीन शाखा मंजूर झाल्या: न्यू ऑर्लिन्स, शार्लट आणि डलॉनेगा. डलॉनेगात १८३८ ते १८६१ या काळात फक्त सोन्याची नाणी पडली. एक, अडीच आणि पाच डॉलरची नाणी नेहमीची. तीन डॉलरचं मात्र एकाच वर्षी, १८५४ साली, आणि तेही अवघे १,१२० नग. सगळी मिळून सुमारे पावणेचौदा लाख नाणी. प्रत्येकावर ‘डी’ हे अक्षर. आज डेन्व्हरची खूणही ‘डी’च आहे, पण डेन्व्हरची टाकसाळ १९०६ साली सुरू झाली, त्यामुळे गोंधळ होत नाही.

पाच डॉलरचं नाणं म्हणजे ‘हाफ ईगल’. काचेतून ते आईच्या माळेतल्या पुतळीएवढंच दिसत होतं. आपली पुतळी मुळात व्हेनिसचं डुकॅट नाणं. व्यापाराबरोबर आपल्याकडे आलं, त्यावरच्या आकृत्यांमुळे पुतळी झालं आणि बायकांच्या गळ्यात जाऊन बसलं. डुकॅट साडेतीन ग्रॅमचं आणि पातळ असतं. हाफ ईगलचा व्यास २१.६ मिलिमीटर, पण वजन ८.३६ ग्रॅम. नव्वद टक्के सोनं, म्हणजे शुद्ध सोनं साडेसात ग्रॅम. नाशिकच्या सराफ बाजारात आईचं बोट धरून वाढलेल्या माझ्यासारखीला हा हिशोब तोंडपाठ व्हायला वेळ लागला नाही. परत येताना गाडीत मी नवऱ्याला म्हटलं, “मला यातलं एक हवंय.” तो म्हणाला, “आधी वर्षभर वाच.” मी सहा महिने वाचलं. उरलेल्या सहा महिन्यांची किंमत पुढे मोजली.

डिसेंबरमध्ये मी अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशनची सभासद झाले. १८९१ साली स्थापन झालेली ही संस्था कोलोरॅडो स्प्रिंग्सला आहे. नवख्या माणसाला तिचा सर्वांत मोठा उपयोग म्हणजे ग्रंथालय: सभासदांना पुस्तकं टपालाने घरपोच येतात, आपल्याला टपालखर्च तेवढा द्यावा लागतो. मी एकामागून एक मागवत गेले. दुसरी सोय म्हणजे नाणी तपासणारी पीसीजीएस आणि लिलाव करणारी हेरिटेज या कंपन्यांच्या संकेतस्थळांवरच्या जुन्या लिलावांच्या नोंदी. कुठलं नाणं, कुठल्या दर्जाचं, कुठल्या दिवशी, कितीला गेलं, हे मोठ्या छायाचित्रासकट बघता येतं. या दोन गोष्टींवर माझे शंभर डॉलरही गेले नाहीत. आज कुणी विचारलं तर मी आधी हेच करायला सांगेन, आणि पहिलं वर्षभर दुसरं काहीही करू नका म्हणेन.

वाचताना ही नाणी इतकी कमी का उरली ते कळलं. ती शोकेसमध्ये ठेवायला पाडलेली नव्हतीच. खाणवाला सोन्याची भुकटी घेऊन टाकसाळीत यायचा, तिचा कस लागायचा, आणि बदल्यात त्याला नाणी मिळायची. ती दुकानात, गुत्त्यात, जमिनीच्या व्यवहारात फिरून झिजली. पुढे बरीच वितळवली गेली. १९३३ च्या एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या आदेशाने लोकांना आपलं सोनं सरकारजमा करावं लागलं. दुर्मीळ नाण्यांना त्या आदेशात सूट होती, पण खेड्यातल्या आजीबाईंना आपल्या डब्यातलं नाणं दुर्मीळ आहे हे कोण सांगणार? सामान्य माणसाला सोनं हवं तसं बाळगायची मुभा पुन्हा मिळाली ती थेट १९७४ च्या शेवटच्या दिवशी. १८४७ साली डलॉनेगात ६४,४०५ हाफ ईगल पडले होते. आज त्यांतले काही शेकडेच उरलेले आहेत.

१८४७ हे साल मुद्दाम सांगितलं, कारण माझं पहिलं नाणं त्याच सालचं.

एप्रिल २०२२. डाल्टनला जॉर्जिया राज्याच्या नाणक संघटनेचा मेळा होता. घरून निघाले ती आंतरराज्य ७५ ने. वाटेत कॅलहूनजवळ न्यू एकोटा लागतं. ही चेरोकी राष्ट्राची राजधानी होती. पुस्तकात वाचल्यापासून तिथे थांबायचं ठरवलं होतं. आता मोकळं मैदान आहे आणि थोड्या लाकडी इमारती. एका इमारतीत छापखाना आहे; चेरोकी भाषेतलं वृत्तपत्र इथून निघत असे. डलॉनेगा हे नावसुद्धा चेरोकी भाषेतल्या ‘पिवळा’ या अर्थाच्या शब्दावरून आलेलं. सोनं सापडलं ती जमीन त्यांची. जॉर्जिया राज्याने ती सोडत काढून गोऱ्यांना वाटली, १८३५ च्या डिसेंबरात इथेच चेरोकींच्या एका छोट्या गटाकडून करारावर सह्या घेतल्या, आणि १८३८ मध्ये सैन्य लावून लोकांना पश्चिमेला हाकललं. वाटेत हजारो माणसं गेली. टाकसाळीतलं पहिलं नाणं पडलं तेही १८३८ सालीच. मी त्या मैदानात अर्धा तास बसले. नाणं घ्यावं की नाही असाही विचार आला. शेवटी घ्यायचं ठरवलं, पण घेतलं तर त्याची ही बाजूही सांगायची, लेकीलाही. आजपर्यंत हे नाणं कुणालाही दाखवताना मी न्यू एकोटापासून सुरुवात करते.

मेळ्यात शंभरेक टेबलं होती. काचेच्या पेट्या, वर वाकलेले दिवे, बहुतेक माणसं साठीच्या पुढची. मी एकटी बाई आणि एकटी भारतीय, निदान मी होते तोवर तरी. कुणी वाईट वागलं नाही, पण पहिला तासभर माझ्या तोंडून प्रश्न निघेना. नवख्यांसाठी सांगते: “पहिल्यांदाच आले आहे, डलॉनेगाची नाणी बघायची आहेत,” एवढं म्हटलं की लोक आपणहून पेट्या उघडतात. नाणं हातात घेताना कडेनेच धरायचं, दोन्ही बाजूंना बोट लागू द्यायचं नाही, खाली मऊ कापड असायला हवं. एवढं जमलं की समोरच्याला तुमचा विश्वास वाटतो. पाच ते सात पट मोठं दाखवणारं भिंग जवळ ठेवा. पंचवीस डॉलरला मिळतं.

एका टेबलावर १८४७ चा हाफ ईगल होता, तपासणी करणाऱ्या कंपनीच्या सीलबंद पेटीत नसलेला, साध्या पाकिटात. पिवळाधमक. दिव्याखाली आईच्या बांगड्यांसारखा लखलखत होता. शेजारच्या टेबलावरची त्याच टाकसाळीची नाणी त्याच्यापुढे मळकट, हिरवट-तांबूस वाटली. किंमत १,७५० सांगितली, मी १,६५० म्हटलं, त्याने मान डोलावली. सोन्याच्या भावाने त्या दिवशी त्यात पाचशेच्याही आतलं सोनं होतं. वरचे सगळे पैसे दुर्मीळपणाचे. जॉर्जियात अशा नाण्यांवर विक्रीकर लागत नाही, म्हणून बिल तेवढंच. बिलावर साल, टाकसाळ आणि रक्कम होती. ‘अस्सल नसल्यास किंवा तपासणीत दोष आढळल्यास परत घेऊ’ असं एक वाक्य मी लिहून मागायला हवं होतं. मागितलं नाही. चांगले विक्रेते ते लिहून देतात, हे मला नंतर समजलं.

घरी वजन केलं: ८.३१ ग्रॅम, थोड्या झिजेला धरून ठीक. लोहचुंबकाला चिकटलं नाही. व्यासही बरोबर. पण ‘डी’ हे अक्षर वेगळं चिकटवलेलं असू शकतं, कारण फिलाडेल्फियाच्या नाण्यावर टाकसाळीची खूणच नसायची आणि ती नाणी स्वस्त मिळतात. म्हणून नाणं तपासणीला पाठवायचं ठरवलं.

हे काय असतं ते थोडक्यात सांगते. पीसीजीएस कॅलिफोर्नियात आणि एनजीसी फ्लोरिडात, या दोन कंपन्या १९८० च्या दशकाच्या मध्यापासून तिऱ्हाईत म्हणून नाणी तपासतात. त्यांचा खरेदीविक्रीत हात नसतो. एकापेक्षा जास्त जाणकार नाणं बघतात, अस्सल असेल तर १ ते ७० या मापावर दर्जा देतात आणि पारदर्शक प्लॅस्टिकच्या सीलबंद पेटीत घालून परत पाठवतात. या पेटीला सगळे ‘स्लॅब’ म्हणतात. ४० आणि ४५ हे ‘एक्सएफ’ (थोडं झिजलेलं), ५० ते ५८ ‘एयू’ (जवळपास न वापरलेलं), ६० पासून पुढे न वापरलेलं नाणं. डलॉनेगाची बहुतेक नाणी याच ४०-५० च्या आसपास असतात. साठीच्या वरचं मिळालं तर त्याची किंमत गाडीएवढी असते.

मी दोनांपैकी एकीकडे पाठवलं. अर्जात साल, टाकसाळ, मूल्य आणि आपण जाहीर करत असलेली किंमत लिहायची असते. शुल्क त्या किमतीवर ठरतं, आणि वाटेत हरवलं तर भरपाईही त्याच आकड्यावर. कमी लिहून शुल्क वाचवायचा मोह होतो, तो आवरा. पाकीट पीव्हीसी नसलेलं वापरा, पीव्हीसीने नाण्यावर हिरवट चिकट थर चढतो. नाणं दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, पुठ्ठे छोट्या खोक्यात, आणि खोकं हलवलं तर आवाज येता कामा नये.

मग टपाल. रजिस्टर्ड मेल नावाची जी सेवा आहे तिच्यात पार्सल प्रत्येक टप्प्यावर सही करून पुढे दिलं जातं आणि पन्नास हजार डॉलरपर्यंत विमा मिळतो. पण मी नेहमीची चकचकीत चिकटपट्टी लावून पार्सल नेलं, तर खिडकीवरच्या बाईंनी परत दिलं. प्रत्येक सांध्यावर त्यांना शिक्का मारायचा असतो आणि प्लॅस्टिकवर शाई टिकत नाही. पाण्याने चिकटणारी तपकिरी कागदी पट्टीच लागते. ती आणायला दुकानात, पुन्हा घरी, पुन्हा बांधणी, पुन्हा रांग. तारीख ९ मे. त्या बाईंनी एकूण सोळा शिक्के मारले. मी मोजले, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. शुल्क, जाण्यायेण्याचं टपाल आणि विमा मिळून ११८ डॉलर झाले.

नंतर दहा आठवड्यांहून जास्त वाट. पार्सल पोचायलाच दहा दिवस लागले, ही सेवा सुरक्षित असली तरी संथ आहे. संकेतस्थळावर ‘मिळालं’, मग तीन आठवडे काहीच नाही, मग ‘तपासणी चालू’, मग पुन्हा काहीच नाही. मी रोज सकाळी चहाबरोबर ते पान उघडायचे. जुलैच्या २१ तारखेला निकाल आला: अस्सल. ‘एक्सएफ डीटेल्स – क्लीन्ड’.

अस्सल हा शब्द वाचून मी उठून उभी राहिले होते. पुढचं वाचून पुन्हा बसले. ‘डीटेल्स’ म्हणजे झिजेच्या मानाने नाणं एक्सएफ आहे, पण कुणीतरी कधीतरी ते घासून किंवा रसायनाने साफ केलेलं आहे. म्हणून आकडा मिळणार नाही. अशा नाण्याला बाजारात बराच कमी भाव मिळतो. नाणं हातात आल्यावर एकाच दिव्याखाली तिरकं धरून भिंगातून बघितलं. नाण्यावरच्या लिबर्टी नावाच्या स्त्रीमुखाच्या गालावर आणि मोकळ्या जागेत केसाहून बारीक रेघा, सगळ्या एकाच दिशेने. अक्षरांच्या कोपऱ्यांत शंभर-दीडशे वर्षांचा मळ असायला हवा, तो अजिबात नव्हता. मेळ्यात मी ज्याला लखलखीतपणा म्हणून भुलले होते, ते हेच होतं.

त्या रात्री आईला फोन केला. नाशिकला सकाळ होती. ती म्हणाली, “अगं, साफ केलं तर वाईट काय झालं? सोनं कुणी मळकं ठेवतं का?” आणि मला आमची दिवाळीआधीची मोरी आठवली. आदल्या रात्री भिजत घातलेले रिठे, सकाळी त्यांचा फेस, त्यात सगळे दागिने, आणि मऊ ब्रशने पुतळ्यांच्या खाचा घासणारी आई. मी शेजारी बसून एकेक पुतळी पंचाने पुसायचे. सोन्यावर माया करायची म्हणजे ते धुवायचं, हे माझ्या हातांना लहानपणापासून माहीत होतं. मेळ्यातल्या शंभर नाण्यांतून माझ्या डोळ्यांनी धुतलेलंच निवडलं यात नवल नव्हतं. या नाण्यालाही कुण्या जॉर्जियातल्या बाईने अशाच एखाद्या सणाच्या आधी प्रेमाने घासलं असेल. दागिन्याला ते चालतं. दागिना अंगावर असतो, घाम धरतो, आणि वितळवून पुन्हा घडवता येतो. नाण्याच्या पृष्ठभागावर मात्र साचा आपटला त्या क्षणाची चमक असते, आणि घासताना तोच थर जातो. तो पुन्हा आणायचा कुठलाच उपाय नाही. हे आईला समजावता समजावता मला स्वतःला पहिल्यांदा नीट समजलं.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे आणि तो इथे ठासून लिहिते: साल आणि टाकसाळ बघायच्या आधी पृष्ठभाग बघा. डलॉनेगाच्या सोन्यात मुळातच थोडी चांदी असायची, त्यामुळे तिथल्या बऱ्याच न धुतलेल्या नाण्यांवर हिरवट झाक दिसते. काहींवर तांबूस, नारिंगी छटा येते. कोपऱ्यांत काळपट मळ असतो. मला जी नाणी मळकट वाटली होती, तीच राखलेली होती.

त्या नाण्याचं काय करायचं, हा प्रश्न काही महिने राहिला. एका विक्रेत्याने १,०५० देऊ केले. जानेवारी २०२३ मध्ये दुसऱ्याने ‘डीटेल्स’ असं स्पष्ट सांगून १,१५० ला घेतलं. शुल्क धरून ६१८ डॉलरचा तोटा. तोटा लपवायचा नाही असं नवऱ्याशी आणि स्वतःशी ठरवलं होतं. घरखर्चाच्या वहीत आम्ही तो ‘शिक्षण’ या सदरात लिहिला, लेकीच्या पियानोच्या फीच्या खाली.

पुढचे सात महिने मी काहीही विकत घेतलं नाही. फक्त बघितलं. रोज रात्री अर्धा तास लिलावांच्या नोंदी: आधी छायाचित्र बघायचं, दर्जाचा आकडा हाताने झाकायचा, आपला अंदाज लिहायचा, मग ताडून बघायचं. सुरुवातीला दहांत तीन बरोबर यायचे, उन्हाळ्यापर्यंत सात. छायाचित्रांची एक मर्यादा आहे. ती प्रखर प्रकाशात काढलेली असतात, त्यामुळे बारीक रेघा लपतात. म्हणून महिन्यातून एकदा अटलांटातल्या एका जुन्या विक्रेत्याकडे जाऊन खरी नाणी बघायचे. ते सत्तरीतले गृहस्थ. मी काही घेत नाही हे माहीत असूनही पेट्या उघडून द्यायचे. “दिवा हलवू नका, नाणं हलवा,” हे त्यांचं वाक्य. प्रकाश नाण्यावर चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो का, हे तसंच दिसतं. घासलेल्या नाण्यावर तो अडकतो.

सीएसीचा हिरवा ठिपकाही याच काळात कळला. पेटीबंद नाणी पुन्हा तपासून, आपल्या दर्जात उत्तम असलेल्यांवर ही कंपनी २००७ पासून छोटा हिरवा ठिपका चिकटवते. ठिपक्याचं नाणं महाग पडतं. मी तरीही तेच शोधायचं ठरवलं. दोन तिऱ्हाईतांनी बघितलेलं नाणं हवं होतं, कारण स्वतःच्या डोळ्यांवर अजून पूर्ण भरवसा नव्हता.

साल १८५३ निवडलं. त्या वर्षी ८९,६७८ हाफ ईगल पडले, म्हणजे डलॉनेगाच्या मानाने भरपूर. पहिल्या नाण्यासाठी दुर्मीळांतलं त्यातल्या त्यात सहज मिळणारं साल घ्यावं. १८६१ ची गोष्ट फार ओढून घेते. त्या वर्षी गृहयुद्धात टाकसाळ फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांच्या ताब्यात गेली, हाफ ईगल फक्त १,५९७ पडले, आणि एक डॉलरची नाणी तर बंडखोरांनीच पाडली. पण त्यांच्या किमती माझ्या आयुष्यभराच्या बचतीला हात घालणाऱ्या आहेत. ती मी संग्रहालयात जाऊन बघते.

लिलावात भाग घ्यायला नोंदणी लागते. ओळखपत्र आणि आधीच्या व्यवहाराचे संदर्भ मागितले जातात. माझे संदर्भ म्हणून त्या वयस्क विक्रेत्यांनी एक पत्र दिलं. हिशोब करताना लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे हातोडा पडतो त्या रकमेवर खरेदीदाराला आणखी वीस टक्के किंवा त्याहून जास्त द्यावे लागतात. म्हणून उलटा हिशोब करा. मला सगळं मिळून ३,३०० च्या वर जायचं नव्हतं. वीस टक्के आणि टपाल वजा करून माझी बोली २,७०० ला थांबणार. हा आकडा मी कागदावर लिहून संगणकाला चिकटवला. मार्चमध्ये एक नाणं २,९०० ला गेलं, जूनमध्ये दुसरं ३,१०० ला. दोन्ही वेळा कागदाकडे बघून हात मागे घेतला. जूनचं फार जिव्हारी लागलं. त्यावरची हिरवट झाक मी अजून विसरलेले नाही.

१७ ऑगस्ट २०२३. एक्सएफ-४५, हिरवा ठिपका. बोली २,५०० वर रेंगाळली, मी २,७०० टाकली. समोरून कुणी पुढे गेलं नाही. वीस टक्क्यांसकट ३,२४० आणि टपाल ३० डॉलर, मिळून ३,२७०. पैसे बँकेतून पाठवले, कार्डावर जास्तीचा आकार लागतो. आठ दिवसांनी पार्सल आलं. सही करायला घरी कुणीतरी लागतं, म्हणून त्या दिवशी कामावरून रजा काढली.

खोकं उघडायच्या आधी विमा करून ठेवला होता. घराच्या साध्या विम्यात नाण्यांची भरपाई बहुधा दोनशे डॉलरवर थांबते, हे पॉलिसीच्या बारीक अक्षरांत असतं, वाचून बघा. संग्रहांसाठी वेगळी पॉलिसी मिळते, मला वर्षाला ८५ डॉलर पडतात. बँकेचा लॉकर वर्षाला ६०. लॉकरमधल्या वस्तूला बँकेच्या ठेवींचं सरकारी विमासंरक्षण नसतं, म्हणून दोन्ही लागतात. खरेदीचं बिल, स्लॅबचा क्रमांक आणि दोन्ही बाजूंची छायाचित्रं तिसऱ्या ठिकाणी ठेवा. पुढे विकलं तर नफ्यावर संग्राह्य वस्तूंचा कर लागतो, एक वर्षानंतर विकलं तरी २८ टक्क्यांपर्यंत. त्यासाठीही बिल लागतंच.

या वर्षी मे महिन्यात आई आली. आम्ही लॉकरमधून नाणं काढून तिला घेऊन डलॉनेगाला गेलो. टाकसाळीची मूळ इमारत १८७८ साली जळाली. तिच्याच पायावर विद्यापीठाची प्राइस मेमोरियल नावाची इमारत उभी आहे, आणि तिचा कळस इथल्याच सोन्याच्या वर्खाने मढवलेला. हिरवळीवरच्या बाकावर बसून मी पर्समधून स्लॅब काढला. आईने तो तळहातावर तोलला आणि म्हणाली, “या प्लॅस्टिकपायी वजनच कळत नाही.” तिला नाणं चिमटीत धरायचं होतं, ते शक्य नाही, हे तिला पटायला वेळ लागला. मग चष्मा कपाळावर चढवून तिने भिंग डोळ्याला लावलं. गरुडाच्या पायाखालचा ‘डी’ मी दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली.

“इथे, अक्षराच्या पोटात, काळं आहे गं.”

“हो. ते असू दे.”

“मी कुठे काढते आहे,” ती म्हणाली आणि स्लॅब उलटा करून दुसरी बाजू बघू लागली. लेकीने तिला विचारलं, “आजी, तुझ्या पुतळ्यांवर काय असतं?” आई सांगायला लागली, पण माळेवरची आकृती नेमकी कशी आहे ते तिलाच आठवेना. इतकी वर्षं घासून ती पुसट झाली आहे, असं ती म्हणाली. नाशिकला परत गेल्यावर तिने भिंग मागवून घेतलं. गेल्या रविवारी तिने व्हिडिओवर एक पुतळी कॅमेऱ्यासमोर धरली होती. एक आकृती उभी आणि दुसरी बहुधा गुडघ्यावर. बाकी अक्षरं आम्हाला दोघींना मिळूनही लागली नाहीत. पुढच्या रविवारी ती मागची बाजू दाखवणार आहे.